युद्ध थांबल्यानंतरचा लायबेरिया: मदत आणि सुरक्षा यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या देशात युद्ध पेटलं की त्याची बातमी रोज येते. करार झाला, नेत्यांनी हातात हात घेतले की बातम्या आटतात. त्यानंतर बंदुका कोण गोळा करतं, छावणीतली माणसं गावी कशी परततात, दवाखाना कुणाच्या पैशांवर चालतो, हे आपल्याकडे क्वचितच छापून येतं. पश्चिम आफ्रिकेतला लायबेरिया हे सगळं समजून घ्यायला फार उपयोगी पडतो, कारण युद्धबंदीपासून शांतिसेना परत जाईपर्यंतचा पंधरा वर्षांचा प्रवास तिथे पूर्ण झाला आहे. त्यात भारतीय महिला पोलिसांचाही वाटा आहे.

लायबेरियात युद्ध कशामुळे झालं आणि संपलं कधी?

अमेरिकेतून परतलेल्या कृष्णवर्णीयांनी समुद्रकाठी वसाहती केल्या आणि १८४७ मध्ये स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केलं. पुढची शंभरपेक्षा जास्त वर्षं सत्ता, जमीन आणि शिक्षण या मूठभर घराण्यांकडेच राहिलं. आतल्या भागातल्या मूळच्या जमाती बाहेर राहिल्या. १९८० मध्ये सॅम्युएल डो या सैनिकाने बंड करून सत्ता घेतली, पण त्यानेही आपल्या जमातीला जवळ आणि इतरांना दूर केलं. १९८९ च्या डिसेंबरात चार्ल्स टेलरचे बंडखोर आयव्हरी कोस्टच्या सीमेवरून निंबा परगण्यात शिरले आणि पहिलं युद्ध सुरू झालं. १९९७ मध्ये टेलर निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झाला. दोन वर्षांत त्याच्याविरुद्ध दुसरं युद्ध उभं राहिलं.

११ ऑगस्ट २००३ ला टेलरने पद सोडलं आणि तो नायजेरियात गेला. १८ ऑगस्टला घानाची राजधानी आक्रा इथे शांतता करार झाला. दोन्ही युद्धांत मिळून सुमारे अडीच लाख माणसं मेली असा अंदाज सर्वत्र दिला जातो. देशाची लोकसंख्या तेव्हा तीस लाखांच्या आसपास होती.

या करारामागे बायकांचा मोठा रेटा होता, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. लेमा ग्बोवी आणि तिच्या सोबतिणी, ख्रिस्ती आणि मुसलमान दोन्ही, पांढरे कपडे घालून राजधानी मन्रोव्हियात मासळी बाजाराजवळच्या मैदानात उन्हापावसात बसून राहिल्या. आक्रात वाटाघाटी रेंगाळल्या तेव्हा त्यांनी सभागृहाचा दरवाजाच अडवला आणि आतल्यांना बाहेर पडू दिलं नाही.

करार झाला म्हणजे मदत लगेच पोचते का?

नाही. अन्नाचं जहाज निघालं आहे की नाही, याहून बंदर कुणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न मोठा असतो. २००३ च्या उन्हाळ्यात मन्रोव्हियाचं फ्रीपोर्ट हे बंदर टेलरविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांकडे होतं, तर पुलांपलीकडचं मुख्य शहर सरकारी सैन्याकडे. धान्याची गोदामं बंदराच्या बाजूला आणि लाखो उपाशी माणसं पलीकडे. गोदामं लुटली गेली, पलीकडे तांदळाचे भाव भडकले. ऑगस्टच्या सुरुवातीला नायजेरियाचे सैनिक उतरले, १४ ऑगस्टला बंडखोरांनी बंदर सोडलं, आणि मग पूल ओलांडून माणसं अन्नासाठी धावली.

तेही राजधानीपुरतंच. आत लोफा, निंबा, ग्रँड गेडे या परगण्यांत जायला धड रस्ते नव्हते. मे ते ऑक्टोबर धो धो पाऊस पडतो, लाल मातीचा चिखल होतो, ट्रक दिवसचे दिवस रुततात. म्हणून शांतिसेनेतल्या इंजिनिअर तुकड्यांनी दुरुस्त केलेले रस्ते आणि पूल हेही मदतकार्यच होतं. मदत आणि सुरक्षा ही दोन वेगळी खाती आहेत असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात गस्तीची गाडी जिथवर जाते तिथवरच धान्याचा ट्रक जातो.

शांतिसेनेत कोण होतं आणि तिचा अधिकार किती होता?

सुरक्षा परिषदेने सप्टेंबर २००३ मध्ये ठराव क्रमांक १५०९ मंजूर केला आणि १ ऑक्टोबरपासून संयुक्त राष्ट्रांचं ‘अनमिल’ हे मिशन सुरू झालं. पंधरा हजारांपर्यंत सैनिक आणि हजाराहून अधिक पोलीस, म्हणजे त्या काळातल्या सर्वांत मोठ्या मिशनांपैकी एक. लोफात पाकिस्तानी, ग्बार्न्गाच्या बाजूला बांगलादेशी, दक्षिण-पूर्वेला इथिओपियन अशी तैनाती होती. नागरिकांच्या जीवावर बेतलं तर बळ वापरण्याची परवानगी होती. हा अधिकार कळीचा ठरला. नुसतं निरीक्षण करणारी सेना लोक लवकरच हिशेबात धरेनासे होतात.

बंदुका गोळा कशा केल्या? कुणी आपणहून हत्यार का देईल?

इथे जरा थांबून पाहायला हवं, कारण जगभर याच पद्धतीची नक्कल होते.

७ डिसेंबर २००३ ला मन्रोव्हियाबाहेरच्या कँप शीफेलिन इथे शस्त्रं जमा करायला सुरुवात झाली. शस्त्र देणाऱ्याला ३०० अमेरिकन डॉलर मिळणार होते, दोन हप्त्यांत. पहिल्या दिवसांत हजारभर माणसं येतील असा अंदाज होता. टेलरच्या बाजूचे काही हजार लोक एकदम येऊन थडकले. राहायला जागा नाही, पाणी पुरेना, आणि मुख्य म्हणजे हातात रोख पैसे लगेच पडत नाहीत हे कळल्यावर त्यांनी शहरात दंगल केली, हवेत गोळ्या झाडल्या. माणसं मेली. दहा-बारा दिवसांत सगळं थांबवावं लागलं.

एप्रिल २००४ मध्ये पुन्हा सुरुवात झाली तेव्हा तयारी चांगली होती. माणूस ठरलेल्या ठिकाणी येई, हत्यार किंवा १५० काडतुसं समोर ठेवी. शांतिसेनेचा सैनिक हत्यार तपासून निकामी करी. मग नाव, गट, वय यांची नोंद, फोटो, ओळखपत्र. काही दिवस छावणीत जेवण, डॉक्टरी तपासणी, समुपदेशन. त्यानंतर पहिले १५० डॉलर आणि गावाकडची गाडी. उरलेले १५० काही महिन्यांनी, जिथे राहायला गेला तिथेच.

२००४ अखेर मोजदाद झाली तेव्हा एक लाखाहून अधिक माणसांची ‘माजी लढवय्ये’ म्हणून नोंद झाली होती आणि शस्त्रं होती सुमारे २८ हजार. सुरुवातीचा अंदाज लढवय्यांचाच ३८ हजारांचा होता. म्हणजे बरेच जण मुठीत काडतुसं घेऊन आले होते, आणि त्यातले कित्येक लढलेच नव्हते. काही कमांडरांनी आपल्या पोरांकडच्या बंदुका काढून घेऊन नातेवाइकांच्या हातात दिल्या आणि पैशांत वाटा घेतला.

याला फसवणूक म्हणून झोडपणं सोपं आहे. मला मात्र वाटतं की त्या परिस्थितीत ढिला निकष हा कडक निकषापेक्षा शहाणपणाचा होता. कडक निकष लावला असता तर सगळ्यांत आधी बाहेर पडल्या असत्या बायका आणि मुलं. दारूगोळा वाहणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या, जबरदस्तीने कमांडरची ‘बायको’ केलेल्या मुलींच्या हाती बंदूक नव्हतीच. त्यांना शस्त्राशिवाय प्रवेश दिला गेला, म्हणून नोंदीत सुमारे २२ हजार स्त्रिया आणि ११ हजारांच्या आसपास मुलं आली. खरी चूक पुढे झाली: माणसं अंदाजाच्या अडीच पटींहून जास्त आली, पण त्यांना धंदा-शिक्षण देण्यासाठीचा पैसा त्या प्रमाणात आला नाही, आणि आला तोही उशिरा.

बालसैनिकांचं पुढे काय झालं?

सगळ्या गटांनी मुलं वापरली. टेलरच्या सैन्यात तर ‘स्मॉल बॉईज युनिट’ नावाची तुकडीच होती. शस्त्र जमा केल्यावर मुलांना मोठ्यांपासून वेगळं करून काळजी केंद्रांत नेलं जाई आणि तिथून कुटुंबाचा शोध सुरू होई. बहुतेकांना आई-वडील किंवा जवळचं कुणी सापडलं. अवघड भाग त्यानंतरचा होता. ज्या गावात मुलाने स्वतः लूट केली होती त्याच गावाने त्याला परत घ्यायचं होतं. जिथे शाळेला मदत मिळाली आणि माजी बालसैनिकाबरोबर गावातली इतर मुलंही एकाच बाकावर बसली, तिथे हे सोपं गेलं. फक्त ‘त्यालाच’ दप्तर आणि वह्या दिल्या तर शेजारच्या आईने विचारायचं काय? माझ्या मुलाने बंदूक घेतली नाही ही त्याची चूक का?

मुली मात्र मोठ्या संख्येने कुठल्याच केंद्रात न येता परस्पर घरी किंवा शहरात निघून गेल्या. नोंद झाली की डाग लागतो, ही त्यांची भीती खोटी नव्हती.

बंदूक दिल्यावर हे तरुण पोट कसं भरतात?

काहींनी सुतारकाम, गवंडीकाम, शिवणकाम शिकलं. पण शिकवलेल्या सगळ्यांना काम द्यायला बाजारच नव्हता. बरेच जण मोटरसायकल-टॅक्सीवर आले; तिथे तिला ‘पेन-पेन’ म्हणतात. तुटक्या रस्त्यांवर तीच चालते, आणि कुठल्याही प्रकल्पाने न आखलेला हा धंदा माजी सैनिकांचा सर्वांत मोठा आधार ठरला. २०१३ मध्ये राजधानीच्या मुख्य रस्त्यांवर त्यांना बंदी घातली तेव्हा किती पोटांवर पाय आला असेल, याचा अंदाज यावरून यावा.

दुसरा मार्ग रबराच्या मळ्यांचा. वायव्येकडचा गथ्री आणि दक्षिण-पूर्वेचा सिनो हे मळे माजी लढवय्यांनी आपल्या जुन्या कमांडरांच्या हाताखाली बळकावले आणि चीक काढून विकायला सुरुवात केली. म्हणजे शस्त्रं गेली तरी फळी तशीच राहिली. गथ्री सरकारने २००६ मध्ये शांतिसेनेच्या मदतीने परत घेतला, आणि तोही बहुतांशी बोलणी करून.

विस्थापित गावी कसे परतले?

मन्रोव्हिया आणि बाँग परगण्यातल्या छावण्यांत तीन लाखांहून अधिक माणसं होती. त्याशिवाय गिनी, आयव्हरी कोस्ट, सिएरा लिओन आणि घानात निर्वासित होते. निर्वासितांना परत आणण्याचा संघटित कार्यक्रम ऑक्टोबर २००४ मध्ये सुरू झाला; देशांतर्गत छावण्या २००६ पर्यंत रिकाम्या झाल्या. घरी निघताना काही महिन्यांचं रेशन, चटई-चादर, भांडी, प्लास्टिकची ताडपत्री आणि गाडीभाडं मिळे.

रेशनमध्ये बहुतेक वेळा बल्गर गहू असे, म्हणजे उकडून भरडलेला गहू. लायबेरियन माणूस भात खातो. भात नसला तर जेवलो नाही असं तिथे सरळ म्हणतात, आणि १९७९ मध्ये तांदळाच्या भाववाढीच्या नुसत्या प्रस्तावावरून राजधानीत दंगल होऊन माणसं मेली होती. त्यामुळे छावणीतल्या बायका गव्हाचा काही हिस्सा बाजारात विकून तांदूळ, मीठ, मिरची घेत. हे पाहून काही पाहुणे ‘मदतीचा गैरवापर’ म्हणून अहवालात लिहितात. माझ्या मते तो गैरवापर नाही. आपल्या मुलाच्या ताटात काय पडावं हे आई ठरवते आहे, इतकंच. बाजार चालू असेल तर धान्याऐवजी रोख रक्कम द्यावी, हा विचार मदतसंस्थांत पुढे रुजला तो असल्याच अनुभवांतून.

गावी पोचल्यावर नवा प्रश्न उभा राही: घरात दुसरंच कुणी राहतं आहे. निंबा परगण्यातल्या गान्टा शहरातून मांडिंगो जमातीचे व्यापारी पळून गेले होते. त्यांच्या जागांवर गिओ आणि मानो जमातींच्या लोकांनी दुकानं थाटली होती. दोन्ही बाजूंना आपणच युद्धाचे बळी आहोत असं मनापासून वाटत होतं. धान्य आणि ताडपत्रीने असला तंटा सुटत नाही. सामूहिक जमिनीचा हक्क मान्य करणारा जमीन कायदा व्हायला २०१८ उजाडलं.

मदत देणाऱ्यांनीच शोषण केलं, हे खरं आहे का?

हो, आणि हे झाकून ठेवण्यात कुणाचंच भलं नाही. लायबेरिया, गिनी आणि सिएरा लिओनमधल्या छावण्यांत अन्नाच्या बदल्यात मुलींचं लैंगिक शोषण होतं असं २००२ च्या एका तपासणीत पुढे आलं. ती तपासणी संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था आणि ‘सेव्ह द चिल्ड्रन’ यांनीच केली होती. २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी याविरुद्ध कडक नियम जारी केले. तरीही २००६ मध्ये लायबेरियात पुन्हा तेच आढळलं: शिक्षक, मदत कर्मचारी, सैनिक, सगळ्यांत असे लोक होते.

नियम असूनही असं होतं याचं कारण सरळ आहे. रेशनच्या यादीत नाव घालणारा माणूस एकच असतो, त्याच्यावर तक्रार करायची तर ती त्याच्याच टेबलावर जाते, आणि तक्रार करणारीला उद्याही तिथूनच तेल-डाळ घ्यायची असते. म्हणून कोणत्याही संस्थेला विचारायचा पहिला प्रश्न हा असावा: वाटप करणारा आणि तक्रार ऐकणारा वेगवेगळा आहे का?

भारतीय महिला पोलीस तिथे काय करत होत्या?

जानेवारी २००७ च्या अखेरीस केंद्रीय राखीव पोलीस दलाची महिलांची तुकडी मन्रोव्हियात उतरली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतलं हे पहिलंच पूर्ण महिला पोलीस पथक. शंभराहून थोड्या अधिक महिला आणि सोबत स्वयंपाक, वाहन अशा कामांसाठी काही पुरुष. पहिल्या तुकडीच्या प्रमुख सीमा धुंडिया होत्या. दरवर्षी नवी तुकडी जाई. शेवटची २०१६ च्या फेब्रुवारीत परतली.

त्यांचं काम राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाबाहेरचा पहारा, जमाव आवरणं आणि रात्रीची गस्त असं होतं. त्या काळी मन्रोव्हियाच्या बहुतेक भागांत वीज नव्हती. शहराला वीज देणारं माउंट कॉफी जलविद्युत केंद्र १९९० मध्येच बंद पडलं होतं. पूर्ण काळोखात, चोर आणि टोळ्यांच्या वस्त्यांतून लायबेरियन पोलिसांबरोबर या बायका फिरत. बहुतेक लायबेरियन पोलिसांकडे बंदुका नव्हत्या, यांच्याकडे होत्या. त्यामुळे त्या सोबत असतील तरच स्थानिक पोलीस काही गल्ल्यांत शिरत. फावल्या वेळात त्यांनी शेजारच्या मुलींना स्वसंरक्षण आणि संगणक शिकवला.

परिणाम? लायबेरियाच्या सुरक्षा दलांत स्त्रियांचं प्रमाण २००७ मध्ये ६ टक्के होतं, ते २०१६ मध्ये १७ टक्क्यांवर गेलं असं संयुक्त राष्ट्रांनी तुकडीला निरोप देताना सांगितलं. याचं सगळं श्रेय एका तुकडीला देता येणार नाही. लायबेरियन पोलिसांनी मुलींना शाळेचं शिक्षण पूर्ण करून घेऊन भरती करण्याचा वेगळा कार्यक्रमही चालवला. आणि एक गोष्ट स्पष्ट असू द्यावी: गस्त घालणारं पथक बलात्काराच्या गुन्ह्याचा तपास करत नाही. तपास, डॉक्टर, वकील आणि न्यायाधीश लायबेरियाचेच लागतात, आणि ती साखळी जागोजाग तुटलेली होती. बलात्काराचा कडक कायदा २००६ च्या सुरुवातीला लागू झाला, पुढे राजधानीत त्यासाठी वेगळं न्यायालय आलं. तरी खटले वर्षानुवर्षं तुंबून राहिले.

जुन्या सैन्याचं आणि पोलिसांचं काय केलं?

सैन्य पूर्ण बरखास्त केलं. अमेरिकेने एका खासगी कंपनीमार्फत सुमारे दोन हजारांचं नवं सैन्य उभं केलं. भरतीसाठी आलेल्या उमेदवारांचे फोटो जाहीरपणे दाखवले जात, म्हणजे युद्धात त्याने काही केलं असेल तर ओळखणाऱ्याने येऊन सांगावं. ही कल्पना मला फार मोलाची वाटते. पोलिसांची पुनर्बांधणी संयुक्त राष्ट्रांनी केली. ती राजधानीत दिसली, आतल्या परगण्यांत कितीतरी ठिकाणी पोलिसाकडे गाडीसाठी इंधनही नसे.

युद्धगुन्हेगारांना शिक्षा झाली का?

टेलरला ५० वर्षांची शिक्षा झाली, पण ती शेजारच्या सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी. लायबेरियातल्या अत्याचारांसाठी लायबेरियात एकाही मोठ्या कमांडरवर खटला चालला नाही; काही जण निवडून संसदेत बसले. सत्यशोधन आयोगाने २००९ मध्ये खटल्यांची शिफारस केली ती फायलीत राहिली. स्वित्झर्लंडच्या न्यायालयाने २०२१ मध्ये एका माजी कमांडरला २० वर्षांची शिक्षा दिली. मे २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोसेफ बोआकाई यांनी युद्धगुन्हे न्यायालयाच्या तयारीसाठी कार्यालय स्थापण्याच्या आदेशावर सही केली.

हिरे आणि लाकडावर बंदी का होती?

त्या पैशातून शस्त्रं येत होती म्हणून. लाकडावरची बंदी २००६ मध्ये आणि हिऱ्यांवरची २००७ मध्ये उठली.

मदतीचा पैसा सरकारकडे जात होता का? भ्रष्टाचाराचं काय?

बराचसा जात नव्हता. देणगीदार देश तो संयुक्त राष्ट्रांच्या आणि स्वयंसेवी संस्थांच्या हाती देत, कारण करारानंतरच्या अंतरिम सरकारमधला भ्रष्टाचार उघड दिसत होता. २००५ मध्ये तर एक करार होऊन बंदर, विमानतळ, वनखातं अशा ठिकाणी परदेशी तज्ज्ञ बसवले गेले आणि खर्चाला त्यांचीही सही लागू लागली. सार्वभौम देशाला हे झोंबणारंच होतं, पण महसूल वाढला. एलेन जॉन्सन सरलीफ जानेवारी २००६ मध्ये आफ्रिकेतल्या पहिल्या निवडून आलेल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्यांच्या काळात, २०१० मध्ये, अब्जावधी डॉलरचं जुनं कर्ज माफ झालं.

पैसा सरकारला टाळून गेला की काम लवकर होतं. पण मग सरकारला दवाखाना चालवायची सवयच लागत नाही. पुढचा प्रश्न त्याबद्दलच आहे.

इबोलाची साथ आणि युद्धानंतरची मदत यांचा काय संबंध?

फार जवळचा. युद्धानंतर देशातले बहुसंख्य दवाखाने परदेशी संस्था चालवत होत्या. तातडीच्या मदतीचा निधी एक-दोन वर्षांपुरता येतो. ‘आता संकट संपलं’ असं ठरलं की तो आटतो, आणि विकासाचा निधी यायला कितीतरी वेळ जातो. मधल्या फटीत संस्था एकेक करून निघाल्या. डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘मेदसँ साँ फ्राँतिएर’ हिनेही २०१० पर्यंत मन्रोव्हियातली आपली रुग्णालयं बंद केली किंवा सरकारकडे सोपवली. तेव्हा शांतता होती, निवडणुका होत होत्या, सगळे अहवाल आशादायक होते.

मार्च २०१४ मध्ये गिनीतून लोफात इबोला आला तेव्हा चाळीस लाखांवर लोकांच्या या देशात डॉक्टर जेमतेम पन्नासेक होते. रुग्णालयांत हातमोजे नव्हते. परिचारिकांना लागण झाली, रुग्णालयं बंद पडली, आणि साध्या बाळंतपणासाठीही जागा उरली नाही.

ऑगस्टमध्ये मन्रोव्हियातल्या वेस्ट पॉइंट या समुद्रात घुसलेल्या दाट झोपडपट्टीत एका शाळेत संशयित रुग्णांना ठेवलं होतं. बाहेरच्या वस्त्यांतले रुग्णही आमच्याकडे आणून टाकतात, असा रहिवाशांचा राग होता. जमावाने शाळा फोडली, रुग्ण पळाले, रक्त लागलेल्या गाद्यासुद्धा लोकांनी उचलून नेल्या. २० ऑगस्टला सरकारने अख्खी वस्ती काटेरी तारांनी बंद केली. पंच्याहत्तर हजारांच्या आसपास लोक आत, आणि बाहेर तेच नव्याने उभारलेलं सैन्य. गोळीबार झाला, एक पंधरा वर्षांचा मुलगा गेला. दहा दिवसांनी वेढा उठवावा लागला. मानवी हक्कांचे धडे घेतलेलं सैन्यही, आरोग्यखातं कोलमडलं की, आपल्याच लोकांसमोर बंदूक घेऊन उभं राहतं हे त्या दिवशी दिसलं.

दफनाचाही प्रश्न तसाच. मन्रोव्हियात मृतदेह जाळण्याचा आदेश निघाला. लायबेरियात मार्चच्या दुसऱ्या बुधवारी सुट्टी असते. त्या दिवशी घरची माणसं कबरींवरचं गवत काढतात, चुना लावतात, फुलं ठेवतात. कबरच नाही तर जायचं कुठे? म्हणून लोक आजारी माणूस लपवू लागले, मृतदेह रात्री गुपचूप पुरू लागले, आणि साथ वाढली. डिसेंबरात शहराबाहेर डिस्को हिल इथे सुरक्षित दफनभूमी सुरू झाली, कुटुंबाला अंतरावरून का होईना उभं राहता येऊ लागलं, तेव्हा हा विरोध मावळला.

साथ आटोक्यात आली त्यात वस्त्यांतल्या लोकांनीच नेमलेल्या गटांचा वाटा सर्वांत मोठा: घरोघरी चौकशी, हात धुण्याच्या बादल्या, आजाऱ्याच्या घरी अन्न पोचवणं. अमेरिकेने सैनिक पाठवून उपचार केंद्रं बांधली, पण ती उभी राहीपर्यंत रुग्णसंख्या उतरली होती आणि बऱ्याच केंद्रांत मोजकेच रुग्ण आले. लायबेरियात ४,८०० हून अधिक माणसं दगावली.

आज लायबेरिया सुरक्षित आहे का?

युद्धाच्या अर्थाने, हो. ३० जून २०१६ ला सुरक्षेची पूर्ण जबाबदारी लायबेरियाने घेतली आणि ३० मार्च २०१८ ला अनमिल बंद झालं. २०१८ मध्ये सरलीफ यांच्याकडून जॉर्ज वेआ यांच्याकडे आणि २०२४ मध्ये वेआ यांच्याकडून बोआकाई यांच्याकडे सत्ता मतपेटीतून गेली. हरलेल्या वेआ यांनी अंतिम निकाल जाहीर होण्याआधीच पराभव मान्य केला. राजधानीत चोऱ्या, अमली पदार्थ आणि त्यात अडकलेले तरुण हा आजचा मोठा प्रश्न आहे. त्यातले काही माजी लढवय्ये, बरेचसे युद्धानंतर जन्मलेले.

मग तिथे अजून मदत कशासाठी लागते?

लायबेरिया अमेरिकी मदतीवर सर्वाधिक अवलंबून असलेल्या देशांपैकी एक होता. २०२५ मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदत मोठ्या प्रमाणात थांबवली, आणि १ जुलैला ती मदत पोचवणारी यूएसएड ही सरकारी संस्थाच बंद झाली. मलेरियाची औषधं, बाळंतपणाची सोय, रुग्णवाहिकेचं इंधन यांतला मोठा भाग त्या पैशांतून येत होता. युद्ध संपून वीस वर्षं झाली तरी देश पायावर उभा राहिला नाही, असा टोमणा यावर ऐकू येतो. पण ज्या दवाखान्याचा पगार, औषध आणि डिझेल तीन वेगळ्या परदेशी संस्था देत होत्या तो सरकारकडे सोपवायचा, तर सरकारच्या अर्थसंकल्पात त्याची रक्कम आधी यायला हवी, मग संस्थेने हळूहळू हात काढायला हवा. २०१० मध्ये हा क्रम पाळला गेला नाही, २०२५ मध्येही नाही.

आपल्याला काही द्यायचं असेल तर?

जुने कपडे आणि वस्तू पाठवू नयेत. त्या बंदरात पडून राहतात आणि स्थानिक शिंप्याचं काम जातं. पैसे द्यावेत, तेही कुठल्या एका कामासाठी बांधून न घालता, शक्यतो वर्षाला ठरावीक रक्कम. ज्या संस्थेत तिथलीच माणसं पगारावर आहेत आणि जी जाण्याची तारीख नव्हे तर सोपवण्याची योजना दाखवू शकते, ती निवडावी. आणि बातम्या थांबल्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी द्यावेत, कारण तेव्हा दुसरं कुणी देत नसतं.